घराचं कापड

अमेरिकेत घर उभं राहताना कधी पाहिलंय का? गमतीचा प्रकार असतो. आपल्याकडे पाया खणला, जोतं आलं, मग खांब, स्लॅब, विटा, भिंतींवर रोज पाणी मारणं... वर्ष कसं जातं कळत नाही. इथे या सोमवारी ऑफिसला जाताना मोकळी जागा दिसते आणि पुढच्या सोमवारी तिथे लाकडाचा सांगाडा उभा असतो. दोन बाय चारच्या फळ्या, त्यावर ठोकलेले लाकडाच्या चिपांचे तक्ते. मग एक दिवस ते सगळं घर पांढऱ्या कागदासारख्या कशात तरी गुंडाळलेलं दिसतं. खिडक्यांची भोकंसुद्धा गुंडाळलेली. जागोजागी कंपनीचं नाव. जणू कोणीतरी घरच कुरियरने पाठवलंय!

पुढच्या पंधरा दिवसांत त्यावर बाहेरच्या पट्ट्या ठोकल्या जातात आणि मग ते पांढरं कापड पुन्हा कोणाला दिसत नाही. घराचा मालक तिथे तीस वर्षं राहतो, कर्ज फेडतो, पण त्या कापडाचं तोंड बघत नाही.

आज त्या कापडाबद्दल लिहायचं आहे. नाव टायव्हेक. मी गेलं वर्षभर त्यावर झोपतोय. (घरी नाही. जंगलात. सांगतो.)

आधी ते तिथे कशाला असतं ते सांगायला हवं. इथल्या घरांच्या बाहेरच्या पट्ट्या दिसायला भक्कम असल्या तरी वाऱ्याबरोबर आलेलं पाणी फटींतून आत शिरतंच. ते लाकडापर्यंत गेलं तर लाकूड कुजतं. म्हणून मध्ये हे कापड. बाहेरचं पाणी त्यावरून ओघळून खाली जातं. पण आतली वाफ, म्हणजे स्वयंपाकाची, आंघोळीची, माणसांच्या श्वासाची, ती मात्र भिंतीतून बाहेर पडायला हवी, नाहीतर घर आतून सडेल. तेव्हा पाणी अडवायचं आणि वाफ सोडायची, अशी दुहेरी नोकरी. लावतानाही वरचा पट्टा खालच्या पट्ट्यावर चढवून लावतात. आपल्या कौलांसारखंच की.

कोकणात आजोळी पावसाळ्याच्या तोंडावर घराच्या पावसाकडच्या बाजूला नारळाच्या झावळ्यांची विणलेली झापं लावायचे. झडीने मातीची भिंत विरघळू नये म्हणून. पाणी अडायचं, वारा खेळायचा. चार महिने झाले की झापं उतरवायची, आणि मग ती कुठे कुठे जायची! काही गुरांच्या गोठ्यावर, काही खळ्यात बसायला, आणि अगदी मोडकी न्हाणीच्या चुलीत. घराचं एक काम संपलं म्हणून वस्तूचं आयुष्य संपत नसे. मला वाटतं माझं टायव्हेकवरचं प्रेम तिथूनच आलं असावं. असो.

हे कापड तसं कापड नाहीच. ते विणलेलं नसतं. १९५५ साली ड्यूपॉन्ट कंपनीच्या जिम व्हाइट नावाच्या संशोधकाला प्रयोगशाळेतल्या एका नळीतून पांढरा भुरभुरीत पुंजका बाहेर येताना दिसला. दुसऱ्या कोणी झाडून टाकला असता. याने तो काय आहे ते पाहिलं. पॉलिएथिलीनचा पुंजका होता तो. त्यातून पुढे पद्धत बसवली ती अशी: प्लास्टिक द्रावकात विरघळवायचं, प्रचंड दाबाखाली तापवायचं आणि एका बारीक छिद्रातून एकदम मोकळं सोडायचं. कुकरची शिट्टी उडावी तसा द्रावक क्षणात उडून जातो आणि मागे राहतात केसाहून कितीतरी बारीक, न तुटणारे धागे. जत्रेतले म्हातारीचे केस डोळ्यासमोर आणा. ते धागे एकावर एक आडवेतिडवे पसरून उष्णतेने दाबले की झालं टायव्हेक. धाग्यांमधल्या जागा इतक्या लहान की पाण्याचा थेंब त्यातून जात नाही, पण वाफ जाते. १९६७ पासून ते बाजारात विकायला आलं आणि ज्या कारखान्यात बनतं तो आमच्या रिचमंड शहराच्या दक्षिणेला आहे. म्हणजे आमच्या इथलं हे स्थानिक उत्पादन म्हणायचं, आपल्याकडे सावंतवाडीची खेळणी तसं.

मूळ प्लास्टिक कुठलं, तर इथे दुधाचे मोठे कॅन ज्याचे असतात तेच. त्याच टायव्हेकची कुरियरची न फाटणारी पाकिटं होतात, मॅरेथॉनमध्ये छातीवर लावायचे नंबर होतात, रासायनिक कारखान्यांतले पांढरे सूट होतात, ऑपरेशनच्या निर्जंतुक हत्यारांची वेष्टनं होतात. तेव्हा ते घरालाच बांधील आहे असं कधी नव्हतंच.

आता मी त्यावर झोपायला कसा लागलो ते.

सत्तेचाळिसाव्या वर्षी माझ्या उजव्या गुडघ्याने कुरकुर सुरू केली. डॉक्टर म्हणाले, वजन कमी करा. कोणाचं ते त्यांनी स्पष्ट सांगितलं नाही, म्हणून मी सोयीस्करपणे सॅकचं कमी करायचं ठरवलं. रिचमंडपासून दोनेक तासांवर शेनान्डोआचं राष्ट्रीय उद्यान आहे. जॉर्जियापासून मेनपर्यंत जाणारी ती प्रसिद्ध ॲपलाचियन पायवाट तिथून शंभरेक मैल जाते. वर्षातून दोन-तीनदा मी आणि लेक तिथे जातो. मी पाठीवर चौदा किलो घेऊन जायचो. त्यात तंबूखाली घालायची एक चादर होती, दुकानातली, चांगली चाळीस-पन्नास डॉलरची, पाव किलोच्या वर वजनाची. हलकं चालणाऱ्या लोकांची एक जमात आहे इथे. टूथब्रशची दांडीसुद्धा कापून टाकतात. त्यांच्यात ही घराच्या कापडाची युक्ती बरीच जुनी. पण अख्खा रोल शंभर फुटांचा. माझं काम सात फुटांचं. एवढ्यासाठी कोण रोल घेणार, म्हणून ते राहून गेलं होतं.

गेल्या वर्षी मार्चमधल्या एका शनिवारी आम्ही घर बघायला गेलो. तिघंही. नवीन वसाहत होत होती, नमुन्याचं घर सजवून ठेवलं होतं. चार बेडरूम, स्वयंपाकघरात मधोमध ओटा, आणि सौ.च्या डोळ्यांत चमक. सेल्सच्या बाई फार गोड बोलत होत्या. मी मात्र मनातल्या मनात नेहमीची आकडेमोड करत होतो, आणि ती कर्जाच्या हप्त्यांची नव्हती.

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. माझा ग्रीन कार्डाचा अर्ज २०१६ चा आहे. भारतात जन्मलेल्यांची रांग इतकी लांब आहे की त्या तारखेचा नंबर कधी लागेल हे कोणी छातीठोकपणे सांगत नाही. तोवर माझी नोकरी हाच माझा इथला आधार. ती गेली तर दुसरी शोधायला साठ दिवस. मोठा खिळा वेगळाच आहे. लेक पुण्यात जन्मली, दोन वर्षांची असताना इथे आली. एकवीस पूर्ण झाली की ढोबळमानाने ती माझ्या अर्जातून बाहेर पडते, आणि तिला स्वतःचा वेगळा व्हिसा काढावा लागतो, नाहीतर जावं लागतं. कुठे जाणार? तर ‘परत’. जिथलं तिला आजीचं घर आणि गणपती सोडून काही आठवत नाही तिथे. अशात तीस वर्षांच्या कर्जावर सही करायची की नाही, यावर आमच्या घरात इतक्या रात्री चर्चा झाली आहे की आता कोणी तोंड उघडायच्या आधीच पुढचं वाक्य ठाऊक असतं.

तर बाई गोड बोलत होत्या, सौ. ओट्यावरून हात फिरवत होती, आणि लेक हळूच मला म्हणाली, “बाबा, आपण घेणार आहोत का खरंच, की नुसतं बघतोय?”

मी म्हटलं, “बघतोय.”

“मग मी गाडीत बसू?”

या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हतं. आम्ही तिघंही निघालो.

वसाहतीतून बाहेर पडताना वळणावर एक घर अर्धं गुंडाळून झालं होतं. सुतार मंडळी शनिवारचं काम आवरत होती. एकाने रोलच्या शेवटचा सुरकुतलेला तुकडा काढला आणि कचऱ्याच्या लोखंडी पेटीकडे निघाला. मी गाडी थांबवली. सौ.ने “आता काय?” असा चेहरा केला. मी उतरून त्याला विचारलं, हे टाकणार असाल तर मला चालेल का? त्याने आधी मुकादमाकडे बघितलं, मुकादमाने मान हलवली, मग माझ्याकडे बघून विचारलं, “तुमचं घर कुठे चाललंय?” त्याला वाटलं मीही कुठेतरी बांधतोय. म्हटलं, घर नाही, जमिनीवर अंथरून झोपायला हवंय. तो हसला. होन्डुरासचा होता. म्हणाला, सुरुवातीला इथे आलो तेव्हा मीही एक-दोन महिने यावरच झोपलो, असल्याच एका घरात, दारं-खिडक्या बसायच्या आधी. तो मजेत सांगत होता. मला हसावं की नाही कळेना. चौदा-पंधरा फुटांचा तुकडा त्याने नीट गुंडाळून, वर टेपचा एक वेढा मारून दिला. एकोणीस वर्षं घरं गुंडाळतोय म्हणे. स्वतः भाड्याने राहतो. आमच्यासारखाच.

गाडीत सौ. म्हणाली, “घर बघायला गेलो होतो ना आपण? आणि घराचं कापड घेऊन आलो.” मागे लेक खो खो हसत सुटली. त्या दिवशी कोणीतरी हसलं हेच पुष्कळ झालं.

आता कामाचं. (ज्यांना करून बघायचंय त्यांनी हा भाग नीट वाचा, बाकीच्यांनी उडी मारली तरी चालेल.)

नवं टायव्हेक भयंकर वाजतं. वेफर्सच्या पाकिटावर झोपल्यासारखं. तुम्ही कूस बदलली की शेजारच्या तंबूतला माणूस जागा होतो. यावर उपाय म्हणजे वॉशिंग मशीन. गार पाणी, साबण अजिबात नाही, एक-दोनदा फिरवायचं. मग ते चक्क जुन्या धोतरासारखं मऊ पडतं. ड्रायरमध्ये मात्र घालायचं नाही. शेवटी प्लास्टिक आहे, उष्णतेने आकसेल किंवा वितळेल. आमच्या अपार्टमेंटात बाल्कनीत कपडे वाळत घालायला मनाई आहे, म्हणून ते न्हाणीघरात पडद्याच्या दांडीवर टाकलं. दोन दिवस पाहुण्यांना वाटत होतं की आम्ही जाहिरात छापलेला पडदा घेतलाय.

कात्रीने कापा, कडा उसवत नाहीत, शिवायची गरज नाही. तंबूखाली घालणार असाल तर तंबूच्या तळापेक्षा दोन-तीन बोटं आतच कापा. बाहेर डोकावलं तर पावसाचं पाणी त्यावर पडून थेट तुमच्याखाली येतं. मी एकट्यापुरता २.१ मीटर बाय १.१ मीटर तुकडा कापला. वजन १४० ग्रॅमच्या आसपास. वाटीभर तांदूळ समजा. कोपऱ्यांना दोरी बांधायला भोक पाडू नका. एक छोटा गुळगुळीत गोटा कोपऱ्यात ठेवायचा, कापड त्यावर गुंडाळायचं आणि मागून गाठ मारायची. मांडवाची ताडपत्री बांधताना आपल्याकडे हेच करतात. इथल्या पुस्तकांत हे वाचून मला उगीच अभिमान वाटला.

तोटेही आहेत. हलकं चालणारे लोक कधी कधी त्याचं इतकं कौतुक करतात की जणू अमृतच. ते उबदार अजिबात नाही, वर कॅरीमॅट हवीच. उतारावर मॅट त्यावरून घसरते. मध्यरात्री मी पायथ्याला आणि मॅट डोक्याशी असं झालेलं आहे. शेकोटीची ठिणगी पडली की भोक. चिखल चिकटतो. आणि ऊन त्याला सहन होत नाही. बांधकामातसुद्धा घराचं हे कापड चार महिन्यांत, १२० दिवसांत झाका असं कंपनीच सांगते. २००८ मध्ये मी या देशात आलो तेव्हा मंदी होती. रस्त्याकडेला अर्धवट सोडलेली घरं दिसायची, आणि त्यावरचं हे कापड उन्हाने जीर्ण होऊन वाऱ्यावर फडफडत असायचं. तेव्हा मला ते काय आहे हे माहीत नव्हतं. कोणाच्या तरी घराचं काहीतरी चाललं नाहीये एवढं कळायचं.

न्हाणीघराच्या पडद्यावरून आठवलं. एमा गेटवुड नावाची बाई होती, ओहायोची. शेतकरी घरातली, अकरा मुलांची आई. नवऱ्याने वर्षानुवर्षं मारझोड केली, शेवटी घटस्फोट घेतला. १९५५ च्या मे महिन्यात, वयाच्या ६७ व्या वर्षी, मुलांना जरा फिरायला जाते एवढंच सांगून ती जॉर्जियातून निघाली आणि सप्टेंबरमध्ये मेनमधल्या कटाडीन पर्वतावर पोचली. दोन हजारांहून अधिक मैल, एकटी. ही पूर्ण पायवाट एका दमात एकटीने चालणारी पहिली बाई. तंबू नाही. झोपायची पिशवी नाही. पायात साधे कॅनव्हासचे बूट, खांद्यावर स्वतः शिवलेली जाड कापडाची थैली, त्यात एक लष्करी ब्लँकेट आणि पावसासाठी न्हाणीघराचा प्लास्टिकचा पडदा. १९५५! तिकडे व्हाइटसाहेबांच्या नळीतून पुंजका बाहेर पडला ते हेच साल. दोघांची गाठ पडायचं कारण नव्हतं. पण मला ही जोडी फार आवडते.

आता तिला हलकं चालणाऱ्यांची आद्य गुरू म्हणतात. १९९२ मध्ये रे जार्डिनने या विषयावर पुस्तक लिहिलं आणि पुढे त्याचा एक पंथच झाला. पण मला नेहमी वाटतं, तिने टूथब्रश कापला नव्हता. घरात होतं ते उचललं आणि निघाली. आपल्या आज्या पावसात घोंगडीची खोळ करून शेतावर जायच्या, त्यांना कोणी पंथ नाही म्हटलं. कॉलेजात असताना राजगडावर पद्मावतीच्या देवळात जागा मिळाली नाही म्हणून आम्ही बाहेर निवडणुकीचा एक जुना फ्लेक्स अंथरून झोपलो होतो. एका भावी आमदारांच्या हसऱ्या चेहऱ्यावर मी रात्रभर घोरलो. तो फ्लेक्स टायव्हेकच्या चौपट तरी जड असेल, पण कल्पना तीच.

ऑक्टोबरमध्ये मी आणि लेक शेनान्डोआच्या दक्षिण भागात गेलो. ब्लॅकरॉक नावाचा दगडांचा मोठा ढीग आहे डोंगरमाथ्यावर, त्याच्या पलीकडे तीन भिंतींची एक झोपडी, वाटसरूंसाठी. ती भरलेली होती. आम्ही जवळच थोडी सपाट जागा बघितली आणि आकाश निरभ्र होतं म्हणून तंबू न लावता दोन पांढरे तुकडे शेजारी शेजारी अंथरले. सॅक माझी आता नऊ किलोची. सगळं श्रेय कापडाचं नाही, पण सुरुवात त्याने केली. एकदा एका वस्तूला ‘तू नक्की काय काम करतेस?’ असं विचारलं की मग बाकीच्यांनाही विचारावंसं वाटतं, आणि बऱ्याच जणींकडे उत्तर नसतं.

पहाटे इतकं दव पडलं होतं की गवत भिजून चिंब. कापडाची खालची बाजू ओली, वरची कोरडी. लेक उठून बसली होती, झोपायची पिशवी खांद्यापर्यंत ओढून. म्हणाली, “बाबा, मला कॉलेजसाठी ॲमस्टरडॅम किंवा टोरोंटो बघायचंय. इथलं पण बघते. पण तेही.”

मी म्हटलं, “आमच्यामुळे?”

“नाही. म्हणजे, आहे थोडं. पण मला जायचंय पण.” मग थोड्या वेळाने, “तुम्हाला घर घ्यायचं असेल तर घ्या. माझ्यासाठी थांबू नका, आणि माझ्यासाठी घेऊ पण नका.”

ही पोरगी हे कधी शिकली कोण जाणे. मी स्टोव्ह पेटवला, चहा केला. तिने तिचा तुकडा झटकला, ओली बाजू आत घेऊन घडी घातली, आणि सॅकच्या बाहेरच्या जाळीत खोचली. सॅक तिने भरली, मला हात लावू दिला नाही. मला माझी भरायला तिच्या दुप्पट वेळ लागला.

घराचं अजून ठरलेलं नाही. सेल्सच्या बाईंचे ईमेल येतात. त्या वसाहतीतलं ते वळणावरचं घर विकलं गेलं असं शेवटच्यात होतं. जूनमध्ये शाळा संपली की लेक मैत्रिणींबरोबर तीन रात्रींसाठी जाणार आहे, माझ्याशिवाय. त्यांतल्या दोघींना तिने उरलेल्या कापडातून तुकडे कापून दिले, मशीनमध्ये कसं फिरवायचं ते लिहून दिलं, गोटा बांधायची गाठ दाखवली.

तरीही तीन-साडेतीन फुटांची एक पट्टी उरली होती. ती सौ.ने मागून घेतली. बाल्कनीत पसरून, वर धुतलेलं सुती पातळ घालून, तिने त्यावर गव्हाच्या कुरडया घातल्या आहेत. कपडे वाळत घालायला मनाई आहे, पण कुरडयांबद्दल नियमात काही लिहिलेलं नाही. आम्ही वाचून पाहिलं.